टाचणे सर

टाचणे हे त्यांचं आडनाव नव्हे, मुलांनी ठेवलेलं नाव आहे. पण ते आडनाव म्हणून इतकं खपतं की प्रशिक्षणाच्या आदेशावर नव्या लिपिकानं ‘श्री. टाचणे (गणित)’ असंच टंकलं. सरांनी दुरुस्त करून घेतलं नाही. त्याच नावानं तीन दिवस बसले, त्याच नावानं हजेरीवर सह्या केल्या आणि प्रमाणपत्रही त्याच नावाचं घेऊन आले. “दुरुस्तीचा अर्ज द्यायचा तर एक तास जातो,” म्हणाले. “तेवढा तास नियोजनात नाही.”

शिक्षकाच्या आयुष्यात टाचणाचं स्थान काय, हे बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. आधी वार्षिक नियोजन, मग घटक नियोजन, मग मासिक, मग रोजचं पाठ टाचण. सोमवारी वही पर्यवेक्षकांच्या टेबलावर, त्यावर लाल सही, वही परत. आम्ही बहुतेक जण गेल्या वर्षीची वही पुढ्यात घेऊन तारखा तेवढ्या बदलतो. आमच्या इतिहासाच्या बाई तारखाही बदलत नाहीत. त्यांच्या वहीत शिवराज्याभिषेक दर वर्षी १२ जुलैलाच होतो. मग तो रविवार का असेना, पर्यवेक्षक त्यावर सही करतात.

टाचणे सरांची रोजची वहीही आमच्यासारखीच. नववी अ, बहुपदी, पान अमुक, फलकलेखन, स्वाध्याय. दोन ओळींत काम संपतं. तिथं त्यांचा जीव नाही. तो आहे दुसऱ्या वहीत. ही दोनशे पानी, खाकी कव्हरची. लेबलवर सुवाच्य अक्षरात: ‘नववी, जादा तास, प्रथम सत्र’. शनिवारी आमची शाळा सकाळची असते, साडेअकराला सुटते. त्यानंतर दोन तासिका टाचणे सर हुशार मुलांसाठी घेतात. त्याला मानधन नाही, परिपत्रक नाही, वेळापत्रकात नोंद नाही. कुणी घ्या म्हटलेलं नाही आणि बंद करा म्हणण्याची कुणाची छाती नाही. मी त्यांच्या स्कूटरवरून घरी जातो, त्यामुळे शनिवारी मागच्या बाकावर बसून राहण्यावाचून मला गत्यंतर नसतं. मी मराठीचा. गणिताशी माझा संबंध पगाराच्या स्लिपपुरता.

ही वही मे महिन्यात सुरू होते. वहिनी म्हणतात, “लोकांचे नवरे सुट्टीत गावी जातात, आमचे प्रथम सत्रात जातात.” आमरसाचं जेवण झालं की ताट सरकवून सर तिथंच वही उघडतात. अकराव्या पानावर हापूसचा डाग आहे. सरांनी त्याच्याभोवती पेन्सिलीनं रेघ मारून आत क्षेत्रफळ लिहिलं आहे आणि खाली टीप दिली आहे: ‘अंदाजे. कड नियमित नाही.’

वहीचे रकाने पाहण्यासारखे आहेत. दिनांक, तासिका, घटक, उदाहरण हे चार आपल्या ओळखीचे. पाचवा रकाना ‘अपेक्षित शंका’. सहावा, तिचं उत्तर. सातवा ‘अनपेक्षित शंका’, आणि हा मे महिन्यात कोराच राहतो याची सरांना मनापासून रुखरुख असते. “काय येईल त्याचा अंदाज बांधून ठेवायला हवा,” असं ते मला म्हणाले. अंदाज बांधला तर ती पाचव्या रकान्यात जाईल, हे मी लक्षात आणून दिलं. त्यावर सरांनी चष्मा काढून पुसला आणि दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले.

आठवा रकाना ‘विनोद’. दर तासिकेला एक, साधारण बाराव्या मिनिटाला, हिरव्या शाईत आणि क्रमांक घालून. मुलांचं लक्ष बाराव्या मिनिटाला ढळतं, असं सरांचं निरीक्षण आहे. अडचण एवढीच की ज्यांची मोठी भावंडं याच तासाला बसून गेली आहेत ती मुलं अकराव्या मिनिटालाच हसायला लागतात. “सर, ताईला चौथा होता ना, तोच का हा?” असं एकानं विचारलं, तर सरांनी वही पाहून सांगितलं, “नाही. हा सहावा. चौथा पुढच्या शनिवारी.”

आता सत्राचा हिशेब. पंधरा जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत शनिवार सतरा, दर शनिवारी दोन तासिका, एकूण ३४. इथवर कुणीही येईल. पण सरांकडे मागच्या सगळ्या वर्षांची नोंद आहे: कुठला शनिवार कशानं गेला. आमचं गाव पालखीच्या वाटेवर, तेव्हा एक शनिवार वर्गखोल्यांत वारकरी. मग अतिवृष्टी, गणपती, तालुका क्रीडा स्पर्धा, शिक्षण परिषद, संस्थापकांची पुण्यतिथी. आणि ‘मुलं आली, किल्ली आली नाही’ असाही एक वेगळा रकाना. या नोंदीवरून ठरलेला शनिवार प्रत्यक्षात होण्याची संभाव्यता ३/५ निघते. ३४ गुणिले ३/५ म्हणजे २०.४. दुसरा कुणी वीस धरून मोकळा झाला असता. सर तसे सोडणारे नाहीत. तासिका ३५ मिनिटांची, तेव्हा ०.४ तासिका म्हणजे १४ मिनिटं. त्या १४ मिनिटांसाठी त्यांनी कोनिग्जबर्गचे पूल राखून ठेवले आहेत.

“होणार वीस, मग ३४ ची तयारी कशाला?” मी विचारलं.

“आणि चुकून सगळे शनिवार झाले तर? तोंडघशी पडायचं?”

गंमत म्हणजे त्या सगळ्या आखणीत दर वर्षी न चुकता पार पडतो तो हा १४ मिनिटांचा तुकडा. तो कुठंही बसतो. एका स्वातंत्र्यदिनी प्रमुख पाहुणे उशिरा येणार असा निरोप आला. मुलं रांगेत ताटकळलेली, झेंड्याची दोरी तपासून झालेली. सरांनी मैदान आखून उरलेली फक्की घेतली आणि कडेला नदी काढली. नदीत दोन बेटं, दोन काठ, त्यांना जोडणारे सात पूल. “प्रत्येक पुलावरून एकदाच जायचं. एकही चुकवायचा नाही, एकही दोनदा नाही. पळा.” मुलं पळाली. आठवीतली पळाली, सातवीतली पळाली, ज्यांना हुशार कुणी म्हटलं नव्हतं तीही पळाली. कुणाला जमेना. जमणारच नव्हतं, ऑयलरनं १७३६ मध्येच ते सिद्ध करून ठेवलं आहे. एका पुलावरून जागी आलात की दुसऱ्यावरून बाहेर पडता, म्हणजे पूल जोडीनं खर्ची पडतात. ज्या जागेला पूल विषम, तिथून एक तर निघायला हवं नाही तर तिथं संपायला हवं, आणि निघण्याची जागा एक, संपण्याची एक. इथं चारही जागांना पूल विषम: एका बेटाला पाच, उरलेल्या तिघांना तीन-तीन. सर हे सांगत होते एवढ्यात पाहुणे आले ते थेट पुलांवरूनच चालत. मागून एक पोरगं ओरडलं, “सर, दोनदा! तो पूल दोनदा झाला!” हेडसरांनी पाहुण्यांना सांगितलं की ती रांगोळी आहे.

हुशार मुलं निवडायची कशी, हा सत्रातला सगळ्यात नाजूक भाग. गुणांवर सरांचा विश्वास नाही. पैकीच्या पैकी गुण म्हणजे मूल आज्ञाधारक आहे एवढंच सिद्ध होतं, असं त्यांचं मत. ते एकच प्रश्न घालतात. बुद्धिबळाच्या पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे कापून टाकले. उरली ६२ घरं. एक फरशी दोन घरं झाकते. ३१ फरश्यांत पट झाकून होईल का? पहिल्या नंबरांचे हात क्षणात वर जातात: बासष्ट भागिले दोन, एकतीस, होईल सर. सर “छान” म्हणतात आणि नाव लिहीत नाहीत. जून महिन्यात ‘क’ तुकडीतला एक मुलगा बराच वेळ डोकं खाजवत राहिला आणि म्हणाला, “नाही बसणार सर. दोन्ही कोपरे पांढरेच कापलेत. फरशी काळं एक आणि पांढरं एक घेणार. पांढरी कमी पडणार.” त्याचे वडील फरशी बसवायची कामं घेतात. सरांनी त्याचं नाव पहिलं लिहिलं.

यादी बारा नावांची झाली, फलकावर लागली, आणि तासाभरात पहिला पालक आला. पहिल्या नंबराच्या मुलीची आई. “आमच्या हिला गणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आहेत, आणि यादीत तो क तुकडीतला?” सरांनी तिला पट काढून दाखवला. ती म्हणाली, “होईल की. बासष्ट भागिले दोन.” त्यापाठोपाठ संस्थेच्या संचालकांचा नातू, पर्यवेक्षकांची भाची, आणि ‘घरी टीव्हीच पाहतो, निदान इथं बसेल’ या सदरात मोडणारे पुष्कळ. बाराचे एकोणचाळीस झाले. शिवाय हेडसरांनी बजावलं, “नोटिशीत हुशार हा शब्द नको. उरलेल्यांचे पालक उद्या दारात येतील.” मग नोटिशीत ‘गणित संवर्धन वर्ग’ असं आलं. दोन मुलं झाडं लावायची समजून खुरपी घेऊन आली. त्यांना सरांनी परत पाठवलं नाही.

पण सर शांत असतात, कारण पुढचं त्यांच्या नियोजनात आहे. गावातल्या खाजगी क्लासची चाचणी शनिवारी दुपारी असते. दुसऱ्या शनिवारी एकोणचाळीसचे चौदा उरतात. त्या चौदांत क्लासची मुलंही असतात, आणि ती सरांची खरी परीक्षा पाहतात. ही मुलं नववीच्या मे महिन्यात दहावी संपवून बसलेली. सर फळ्यावर काही लिहायला लागले की खडू उचलायच्या आत मागून येतं, “सर, हे झालंय.” वर्गसमीकरण? झालंय. अंकगणिती श्रेढी? झालीय. वर्तुळाची स्पर्शिका? झालीय सर, नोट्स पण दिल्यात. एके काळी या दोन शब्दांनी सर खचून जायचे. मग त्यांनी धोरण बदललं: ज्याला बोर्डात गुण नाहीत तेच घ्यायचं. ज्याला गुण नाहीत ते क्लासमध्ये झालेलं असूच शकत नाही. मला विचाराल तर सरांच्या सगळ्या वहीतला शहाणपणा या एका ठरावात आहे.

म्हणून पहिल्या शनिवारचं गणित कापरेकरांचं. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. नाशिकजवळ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात खुर्ची नाही. आपल्याकडच्या प्राध्यापकांनी त्यांना फारसं मनावर घेतलं नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात लिहिलं, तेव्हा जगाला कळलं. लोक डोंबिवलीला गाडीत जागा शोधतात. कापरेकरांना त्या स्टेशनवर संख्यांचा एक प्रकार सुचला आणि त्यांनी त्याला ‘डेम्लो’ नाव दिलं. हे सांगताना सरांचा आवाज जरा चढतो. शाळामास्तर या शब्दावर तर ते थांबतात, आणि तिथं ‘थांबणे’ असं वहीत लिहिलेलंही आहे.

मग कृती. कुठलीही चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतं, आणि एकदा आलं की हलत नाही. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. उदाहरणाला सर १९०५ घेतात. ९५१० वजा ०१५९, ९३५१. त्याचे ८१७२. मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. मोजा: सात. कापरेकरांच्या जन्मसालाला बरोबर सात पायऱ्या लागतात, सगळ्यात लांबचा रस्ता. यात गणित काही नाही, योगायोग आहे, हे सर स्वतःच सांगतात. पण सांगताना हात चोळतात.

क्लासच्या एका मुलानं तोंड उघडलं, “सर, हे…”

“झालंय?” सर.

“नाही झालं.”

तो क्षण पाहण्यासाठी मी स्कूटरची वाट आणखी तासभर पाहिली असती.

सगळे आपापल्या संख्या घेऊन वजाबाक्या करत होते. नववीची मुलं, पण तिसरीतल्यासारखी जीभ बाहेर काढून हातचे घेत होती. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलीचं लवकर झालं. तिनं विचारलं, “सर, पाच आकडी घेतली तर?”

सरांनी वही उघडली, बोट फिरवलं. शंका पाचव्या रकान्यात होती. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “उत्तम. ही शंका तिसऱ्या शनिवारची आहे.”

“पण सर, मला आत्ता आलीय.”

“तिसऱ्या शनिवारी दोन आकडी आणि तीन आकडी झाल्यावर मग पाच आकडी. तीन आकडीत ४९५ येतं, ते आधी कळायला हवं.”

“सर, तिसऱ्या शनिवारी पालखी आहे,” क तुकडीतला तो मुलगा म्हणाला.

सरांनी वहीकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. माणूस एवढ्या ओढाताणीत सापडलेला मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. शेवटी त्यांनी वही मिटली, टेबलाच्या खणात टाकली आणि खडू तिच्या हातात दिला. तिनं सोपी संख्या घेतली, १२३४५. वजाबाकी केली: ४१९७६. मग ८२९६२. ७५९३३. ६३९५४. ६१९७४. आणि पुढची वजाबाकी आली ८२९६२. ती मागे सरली. “सर, हे परत तिथंच आलं.”

“मग पुढं काय होणार?”

“फिरतच राहणार. एका संख्येवर थांबणारच नाही.”

तोवर दुसऱ्यानं वेगळी संख्या घेतली होती आणि तो वेगळ्याच फेऱ्यात सापडला होता. दोघांत भांडण लागलं: तुझी वजाबाकी चुकली, नाही तुझीच. फळ्याचा उजवा अर्धा एकाचा, डावा दुसऱ्याचा. खुरपीवाल्या दोघांपैकी एक पंच झाला. सर मागच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले आणि काहीही शिकवेनासे झाले. बाराव्या मिनिटाचा विनोद राहिला. एक वाजला, दीड वाजला. शिपाईमामा किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभे. “सर, माझं जेवण राहिलंय.” कुणी उठेना. मामांनी पंख्याचं बटण बंद केलं, तेव्हा कुठं दप्तरं उचलली गेली.

सोमवारी सर अस्वस्थ होते. नोंद कुठं करायची? शंका अपेक्षित होती, पण वेळ अनपेक्षित. पाचवा रकाना की सातवा? दोन ऑफ तास यावर गेले. अखेर त्यांनी पट्टीनं रेघ मारून नववा रकाना काढला: ‘अपेक्षित, परंतु आधी’.

त्या वहीत सत्ताविसावी तासिका आहे, तिच्याबद्दल सांगायलाच हवं. तिथं भास्कराचार्यांचं चक्रवाल पद्धतीचं गणित आहे. एका संख्येच्या वर्गाला ६१ नं गुणा, एक मिळवा, आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्गच यायला हवं. सगळ्यात लहान कोणती संख्या चालेल? वर्ग ६० पटीनं घेतला तर शेंबडं पोरही चारवर पोचेल: सोळा साठे नऊशे साठ, अधिक एक, एकतीसचा वर्ग. ६१ ला मात्र २२,६१,५३,९८० एवढी मजल मारावी लागते, आणि जो वर्ग येतो तो १७६६३१९०४९ चा. भास्कराचार्यांनी हे बाराव्या शतकात हातानं सोडवलं. युरोपात फर्मानं हेच आव्हान म्हणून १६५७ मध्ये लोकांपुढं टाकलं. सरांच्या मते एवढं एक गणित कळलं तर नववीचं वर्ष सार्थकी लागलं. पण ३४ पैकी वीस होतात, राहिलेली तासिका पुढं सरकते, आणि सत्ताविसावी दर वर्षी दिवाळीच्या फराळात जाते. निदान उत्सुकता तरी राहावी म्हणून सर जूनमध्येच ती दहा आकडी संख्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून चौकट करतात आणि खाली ‘पुसू नये’ असं लिहितात. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एकदा तक्रार आली: ‘जादा तासाच्या सरांनी वर्गात दिलेला मोबाइल नंबर लागत नाही, कृपया योग्य नंबर द्यावा.’ सरांनी उत्तर पाठवलं: ‘नंबर योग्य आहे. सत्ताविसाव्या तासिकेला लागेल.’

हेडसरांना या सगळ्याचा अहवाल लागतो, आणि अहवालात फलनिष्पत्ती लागते. “सर, कुठल्या परीक्षेची तयारी दाखवू? शिष्यवृत्ती तर नववीच्या आधीच होऊन जाते.” सर म्हणाले, ऑलिंपियाड दाखवा. त्याच्या पहिल्या पायरीला ३० प्रश्न आणि ३ तास. हेडसरांनी विचारलं, आपल्याकडून कुणी पुढं गेलंय का? सर म्हणाले, अजून नाही. मग फलनिष्पत्तीच्या जागी काय लिहू? सरांनी कागद घेतला आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘सुट्टी झाल्यावर मुलं घरी गेली नाहीत.’ अहवाल तसाच वर गेला. वरून काही विचारणा आली नाही, त्या अर्थी वर कुणी वाचला नाही.

खरं सांगायचं तर जादा तासाला बसलेल्या मुलांचे बोर्डाचे गुण न बसलेल्यांपेक्षा फार वेगळे येत नाहीत. त्यातून कुणी मोठा गणिती झाल्याचंही ऐकिवात नाही. त्रास मात्र आम्हाला होतो. ही मुलं सोमवारी माझ्या तासाला येतात आणि शनिवारची सवय घेऊन येतात. मी मात्रावृत्तं शिकवत होतो. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. तोच फरशीवाल्याचा मुलगा उठला. “सर, आठ मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती तऱ्हांनी भरता येईल?” म्हटलं, पुष्कळ. “पुष्कळ म्हणजे किती सर?” तासभर तो वहीच्या मागच्या पानावर काहीतरी मांडत होता. घंटा झाली तेव्हा म्हणाला, “चौतीस. एका मात्रेला एक, दोनला दोन, तीनला तीन, चारला पाच, पाचला आठ. सर, मागच्या दोघांची बेरीज करत गेलं की पुढचं येतं. शेवटी लघु आला तर मागं सात उरतात, गुरू आला तर सहा.” इतकी वर्षं मी वृत्तं शिकवतोय, लघु-गुरूंत हे दडलेलं असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. शिक्षक खोलीत येऊन टाचणे सरांना सांगितलं. त्यांनी मान डोलवली. “हेमचंद्र. बाराव्या शतकात त्यानं छंदशास्त्रातच हे लिहून ठेवलंय. फिबोनाचीच्या आधी. माझ्याकडे बाविसाव्या तासिकेला आहे.” मग जरा गप्प बसून म्हणाले, “म्हणजे ती आता तुमच्याकडे झाली. माझा अर्धा शनिवार वाचला.” आणि त्यांनी वही काढून बाविसाव्या ओळीवर काट मारली. मराठीच्या तासाला गणिताचा घटक पूर्ण झाल्याची नोंद असलेली ती महाराष्ट्रातली एकमेव वही असावी.

गेल्या निवडणुकीला सरांना मतदार यादीच्या पडताळणीचं काम आलं. घरोघरी फिरायचं होतं. त्यांनी प्रभागाचा नकाशा काढला, प्रत्येक गल्लीतून एकदाच जायचं असा मार्ग आखायला घेतला, आणि मारुतीच्या देवळाजवळ विषम रस्त्यांचे चार चौक निघाले. चार म्हणजे अशक्य. सगळे रस्त्यानं फिरत असताना टाचणे सर पारावर बसून कुठली गल्ली दोनदा घेतली तर सगळ्यात कमी चालावं लागेल याचा हिशेब करत होते. काम वेळेत झालं, पण त्या पायी सहा शनिवार गेले आणि त्या वर्षी गाडी चौदाव्या तासिकेशी अडली.

यंदा वही पुन्हा तयार आहे, ६१ चं गणित त्यांनी सत्ताविसाव्यावरून एकोणिसाव्यावर आणलंय, म्हणजे हिशेबानं व्हायला हवं. तेव्हा हे वाचणाऱ्यांत तहसील कचेरीत कुणाची ओळख असेल तर एक काम करा: सरांना ड्युटी लावायचीच असेल तर ती रविवारी लावायला सांगा.